मागचा टायर मधोमध चपटा झालाय, घाटात वळणावर झुकताना बाइक आधी अडते मग एकदम आत पडते. रुंद टायर बसवू का?

तुम्ही लिहिलंय की गाडी दीडशे सीसीची आहे, रोज कात्रज ते वाकड बायपासने ये-जा, मागे १००/९०-१७ (रुंदी १०० मिमी, साइडवॉल म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची). जुन्या कात्रज घाटात त्रास होतो म्हणून १४०/७० टाकायचा विचार आहे. शिवाय कारमध्ये कॅम्बर म्हणतात, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, ते बाइकच्या झुकण्यासारखंच का, असंही विचारलंय.

रुंद टायर टाकू नका. आहे त्याच मापाचा नवा टाका, फरक पहिल्याच वळणाला कळेल.

चहाचा निमुळता काचेचा ग्लास टेबलावर आडवा ठेवून ढकलून बघा. तो सरळ जात नाही, बुडाच्या बाजूला वळतो, कारण तिथला घेर लहान असतो. झुकलेला टायरही तसाच चालतो. रस्त्याला टेकलेल्या पट्ट्यात वळणाच्या आतल्या बाजूचा घेर लहान, बाहेरचा मोठा, त्यामुळे टायर स्वतःच आत वळू बघतो. या बळाला कॅम्बर थ्रस्ट म्हणतात. बाइक हँडल फारसं न फिरवता नुसती झुकवून वळते ती याच्या जोरावर, आणि त्यासाठी टायरची गोलाई अखंड लागते.

बायपासवर गाडी रोज बराच वेळ सरळ चालते, त्यामुळे फक्त मधला भाग झिजतो. हवा जास्त असेल तर आणखी लवकर. मग चपट्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कड तयार होते. झुकताना ती कड आधी गाडीला उभं धरते, आणि ओलांडली की पुढची गोलाई झपकन उतरते. हेच तुमचं ‘अडते मग पडते’. डांबर खरवडून ठेवलेल्या रस्त्यावर गाडी लांबट रेघांबरोबर भरकटते, त्यातही या कडेचा हात असतो.

खात्री करायची तर १५ सेंटीमीटरची पट्टी टायरवर आडवी धरा. चांगल्या टायरवर ती मधे जेमतेम टेकते आणि दोन्हीकडे लगेच फट दिसते. दोन-तीन बोटं रुंदीत सपाट बसली, तर खाच शिल्लक असली तरी घाटासाठी तो टायर संपला.

आता १४०/७०. त्याला साधारण साडेतीन ते साडेचार इंच रुंद रिम लागते, तुमची बरीच अरुंद आहे. अरुंद रिमवर टायर दोन्हीकडून चिमटला जातो, मधे टोकदार होतो आणि गोलाई बिघडते ती नवाकोरा असतानाच. उंचीही वाढते: साइडवॉल ९० मिमीऐवजी ९८, म्हणजे व्यास १६ मिमीने जास्त. चेन आणि स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासण्याचा धोका वेगळाच. शिवाय रुंद टायरवर त्याच वेगात तेच वळण घ्यायला गाडी जास्त झुकवावी लागते.

नवा टायर बसवताना साइडवॉलवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे का आणि तारखेचे चार आकडे काय आहेत ते बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. हवा टायर गार असताना, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पहिले दीडशे किलोमीटर हळूहळू झुकवत न्या, नवा रबर निसरडा असतो. पुढच्या टायरलाही पट्टी लावा. तो बिघडलेला असेल तर नुसता मागचा बदलून गाडी पूर्ण सुधारणार नाही.

कारमध्ये कोन तोच, काम वेगळं. तिथे टायर सपाट आहे आणि सपाटच टेकलेला हवा. वळताना बॉडी बाहेर कलते, बाहेरचं चाक वरून बाहेर झुकू लागतं, म्हणून बऱ्याच गाड्यांत चाकाचा वरचा भाग आधीच किंचित आत ठेवलेला असतो. हा निगेटिव्ह कॅम्बर. तो प्रमाणाबाहेर गेला की टायर आतून खाल्ला जातो. ट्रेडवरून तळहात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर दोष ‘टो’चा (वरून पाहिल्यावर चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन), नुसता एकीकडे उतार लागला तर संशय कॅम्बरवर. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर सेट करायची सोयच नसते, अलाइनमेंटमध्ये फक्त टो बसतो. अशा वेळी खड्ड्यात आपटून स्ट्रट, नकल किंवा लोअर आर्म (चाक धरून ठेवणारे सस्पेन्शनचे भाग) वाकलाय का, ते आधी तपासून घ्या.