कासची फुले नेमकी कधी पाहावीत?

प्रश्न : गेल्या वर्षी ऑगस्टच्या मध्यावर आम्ही कासच्या पठारावर गेलो, तेव्हा धुके आणि हिरवळ यांखेरीज फारसे काही दिसले नाही. छायाचित्रांतला जांभळा गालिचा पाहण्यासाठी कोणती तारीख धरावी? बरोबर वयस्कर आई असेल. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तारीख धरण्याऐवजी पाऊस धरावा. साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे सुमारे 25 किलोमीटरवर असलेले हे पठार जांभ्या खडकाचे असून त्यावर मातीचा थर अत्यंत पातळ आहे. त्यामुळे पावसाळ्यात ते पाण्याने निथळत असते आणि पाऊस सरला की लवकरच कोरडे पडते. येथील बहुतेक लहान वनस्पतींना रुजणे, फुलणे आणि बी धरणे एवढ्याच अवधीत उरकावे लागते. हंगाम साधारणतः ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत असतो. मात्र पाऊस उशिरा आला, तर हंगामही लांबणीवर पडतो.

सगळी फुले एकदम फुलत नाहीत. आधी पंद ही वनस्पती आणि जमिनीवरची आमरे (ऑर्किड) यांचा पांढरा रंग दिसतो. पुढे गुलाबी तेरडा, गेंदाचे पांढरे गोंडे आणि जांभळी सीतेची आसवे एकत्र फुलतात, तोच आपण म्हणता तो गालिचा. सीतेची आसवे ही नाजूक दिसणारी वनस्पती प्रत्यक्षात मांसाहारी आहे : निकस जमिनीत न मिळणारे पोषण ती पाण्यातले सूक्ष्म जीव इवल्या पिशव्यांत पकडून मिळवते. शेवटी सोनकी पठार पिवळे करते. टोपली कारवी हे झुडूप मात्र सात वर्षांतून एकदाच सामूहिकपणे फुलते, म्हणून त्याच्या भरवशावर बेत आखू नये.

आमच्या मते सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दोन-चार दिवस उघडीप मिळून ऊन पडल्यावर, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जावे. शनिवार-रविवारी फुलांपेक्षा गर्दीच अधिक दिसते, आणि 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून तर विचारायलाच नको. निघण्यापूर्वी ऑनलाइन आरक्षणाची चौकशी करावी. आईंना फार चालवू नये; रस्त्यालगतच्या भागातही पुष्कळ फुले असतात. गर्दी नकोच असेल, तर सातारा जिल्ह्यातलेच पवनचक्क्यांचे चाळकेवाडीचे पठार पाहावे. तेथे गाडीतूनही बरेच दिसते.