काय सोडू असं विचारलंस ना

प्रिय दोस्ता,

रात्री साडेअकराला तुझा मेसेज, "राखेचा बुधवार दोन दिवसांवर आलाय, यंदा लेंटमध्ये काय सोडू पटकन सांगा", आणि मला हसूच आलं, कारण तुझ्या वयाचा असताना मीही हाच प्रश्न घेऊन फिरायचो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासाचा काळ, म्हणजे लेंट, आला की आवडीचं काहीतरी सोडायची पद्धतच आपली. फोनवर धड सांगता आलं नसतं म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

एका वर्षी मी साखर सोडली होती. एकदम कडक. दुसऱ्याच आठवड्यात मी इतका चिडचिडा झालो की घरात कुणी माझ्या वाटेला जाईना, आणि मी मात्र रोज वजनकाट्यावर उभा राहून दीड किलो उतरलं म्हणून खूश. शेवटी बायको म्हणाली, देवासाठी सोडलीयेस ना, मग आता देवासाठीच दोन चमचे खा. हसत म्हणाली पण लागलं मला ते. डाएट केलं होतं आणि त्याला उपवासाचं नाव दिलं होतं, बस.

तेव्हापासून मी उलटा विचार करतो की सोडल्यावर जे हातात उरेल, वेळ असेल, पैसे असतील, ते जाणार कुणाकडे? बायबलमधल्या मत्तयच्या 6व्या अध्यायात बघ, दानधर्म, प्रार्थना आणि उपवास, येशू तिन्हींबद्दल ओळीने बोलतो, आणि आपण त्यातला उपवास तेवढा उचलतो कारण तो मोजता येतो. बायबलमधलाच यशयाचा 58वा अध्यायपण काढ एकदा. लोकांची तक्रार असते की आम्ही उपवास करतोय आणि देवाचं लक्षच नाही, तर देव म्हणतो, उपवासाच्या दिवशीच तुम्ही मजुरांना राबवता, भांडता, मारामाऱ्या करता. हे वाचलं की मला माझी ती साखर आठवते.

नियमांचं फार टेन्शन घेऊ नकोस. आपल्या कॅथलिक चर्चमध्ये सक्तीचा उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे असा दोनच दिवस, तो 18 पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत, म्हणजे दिवसात एकदा पोटभर आणि दोनदा थोडंसं. मांस वर्ज्य करायचं ते 14 वर्षं पूर्ण झाल्यापासून. आजारी माणसाला सूट असते, तेव्हा गोळ्या चालू असताना हिरोगिरी नको. आणि रविवारी सोडलेलं खाल्लं तर चालतं का, हे तू दरवर्षी विचारतोस. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोज, 46 भरतात, त्यातले 6 रविवार काढले की 40. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासात धरतच नाहीत. खा की.

आता तुझ्याबद्दल. अॅप डिलीट करतो वगैरे सांगू नकोस, चौथ्या दिवशी परत टाकशील, मी ओळखतो तुला. त्यापेक्षा सकाळी उठल्यावरची वीस मिनिटं मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव आणि त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूबद्दलचा उतारा, वाच, नाही कळलं तरी वाच. पैसे वाचवणार असशील तर आधी पाकिटावर ते कुणाला द्यायचेत त्याचं नाव लिही, मग त्यात टाक, नाहीतर ईस्टरच्या शॉपिंगमध्ये जातात, माझे गेलेत.

शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जातोस तेव्हा येशूच्या शेवटच्या प्रवासातले प्रसंग दाखवणारी 14 स्थानं धावत संपवण्यापेक्षा एखादं धरून ठेव. मला पाचवं आवडतं. तो कुरेनेकर शिमोन, शेतावरून येत होता बिचारा, शिपायांनी धरला आणि येशूचा क्रूस खांद्यावर दिला. त्याला हौस नव्हती. मदत मनापासून वाटली तरच करायची असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी शिमोन दाखवतो.

मी पण एकदा असाच ओढूनताणून गेलो. चुलत भावाशी तीन वर्षं बोलणं नव्हतं, एका लेंटमध्ये त्याला फोन करायचं ठरवलं, ठरवून तीन शुक्रवार घालवले. शेवटी लावायला बसलो तर अंगठा त्या हिरव्या बटणावर आणि दहा मिनिटं तसाच. उचलला त्याने. माफीबिफी काही नाही, गुडघा दुखतो म्हणाला, मी विचारलं कुठल्या डॉक्टरला दाखवलंस, चार मिनिटांत आटपलं. फोन ठेवला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. साखर सोडणं याच्यापुढे काहीच नव्हतं रे. तुझाही एक फोन राहिलाय, कुणाला ते मी लिहीत नाही.

कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, मात्र पवित्र आठवड्याची, ईस्टरच्या आदल्या आठवड्याची, वाट बघू नकोस, तेव्हा एवढी लाइन असते की फादर पण थकलेले आणि तू पण घड्याळ बघणार. पहिल्या पंधरा दिवसांत जाऊन ये, निवांत बोलता येतं.

आणि हो, गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, आणलेली झावळी घरात क्रूसामागे खोचलेली असेल तर उद्याच चर्चमध्ये नेऊन दे. होसान्ना म्हणत हलवली होतीस ना, तीच जाळून बुधवारी कपाळाला लावायची राख करतात. माझी कुठे ठेवलीये सापडतच नाहीये, आता उठून तीच शोधतो.

तुझा,
दादा