मेल सर्व्हरची खाती कुठे ठेवायची? बंद डेटाबेसपेक्षा रिकाम्या डेटाबेसला घाबरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोलीत बागायतदारांच्या संस्थेसाठी मेल सर्व्हर उभा करताय. दोन डोमेन, साधारण ७० खाती, पोस्टफिक्स (पत्रं घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (पेट्या आणि लॉगिन सांभाळणारा) ठरलेत. मशीन ऑफिसातच, इन्व्हर्टरवर. खाती मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट यांपैकी एका डेटाबेसमध्ये ठेवू की एलडॅपमध्ये (खात्यांची सामाईक डिरेक्टरी), आणि यातलं वेगवान कोणतं?

वेगाचा विचार सोडून द्या. ७० ओळींत एक पत्ता शोधायला यातल्या कुणालाच कष्ट नाहीत. विचार करायचा तो दोनच गोष्टींचा: यादी मिळालीच नाही तर काय होईल, आणि चुकीची मिळाली तर काय होईल.

यादी कोण मागतं ते आधी बघा. पोस्टफिक्स प्रत्येक येणाऱ्या पत्रासाठी विचारतो, 'हा पत्ता आपल्याकडे आहे का?' त्याला पासवर्डशी देणंघेणं नाही. पासवर्ड तपासतो डव्हकॉट, आणि पेटी डिस्कवर कुठे आहे तेही तोच बघतो. पत्र पाठवतानाचं लॉगिनसुद्धा पोस्टफिक्स डव्हकॉटकडूनच तपासून घेऊ शकतो, तसंच ठेवा. म्हणजे पोस्टफिक्सला पासवर्डचा रकाना दिसायची गरजच उरत नाही.

आता डेटाबेस बंद पडला तर पोस्टफिक्स समोरच्या सर्व्हरला ४५१ सांगतो, 'आत्ता बघता येत नाही, नंतर ये.' समोरचा पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येत राहतो. ईमेल पाठवण्याचं मानक असलेल्या आरएफसी ५३२१ प्रमाणे त्याने किमान ४-५ दिवस प्रयत्न करणं अपेक्षित आहे. पोस्टफिक्स स्वतः ५ दिवस धरतो. तुमच्याकडे दोन दिवस लाईट नसली तरी पत्रं सहसा हरवत नाहीत, उशिरा येतात. पण डेटाबेस चालू आहे आणि टेबल रिकामं आहे, तर उत्तर जातं ५५०, 'असा कुणी इथे नाही.' हे कायमचं उत्तर. पत्र तिथल्या तिथे परत जातं, पुन्हा येत नाही.

हे मी चिपळुणात शिकलो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यात एका व्यापाऱ्याच्या दुकानातलं आमचं मशीन गेलं. दोन दिवस मेल बंद, पण बाहेरच्यांची पत्रं त्यांच्या त्यांच्या रांगेत सुखरूप होती. तिसऱ्या दिवशी मी भाड्याच्या सर्व्हरवर सगळं नव्याने उभं केलं. बॅकअपच्या दोन फायली होत्या, एकीत टेबलांची रचना, दुसरीत माहिती. रचना चढवली, पोस्टफिक्स सुरू केला, डीएनएस फिरवला (डोमेनची पत्रं नव्या मशीनकडे वळवली) आणि मग माहितीची फाइल शोधायला बसलो. डोमेनचं नाव कॉन्फिगमध्येच लिहिलेलं होतं, म्हणून सर्व्हर पत्रं घ्यायला तयार होता. खात्यांचं टेबल मात्र कोरं. चाळीस मिनिटांत, दोन दिवस धीर धरून थांबलेली पत्रं ५५० घेऊन परत गेली. त्यात विम्याच्या सर्व्हेअरचं पत्र होतं. पुरात दुकान गेलेल्या माणसाला ते पुन्हा मागवावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं मत: तुमच्यासाठी एसक्यूलाइट. एकच फाइल, वेगळी सेवा नाही. लाईट परत आल्यावर सुरू व्हायची राहिली, अशी वेगळी सेवाच नसते. बॅकअपमध्ये रचना आणि माहिती एकत्रच असते, त्यामुळे माझ्यासारखी चूक करणं अवघड होतं. पोस्टफिक्स ही फाइल फक्त वाचतो, तिच्यात लिहीत नाही.

ती लावताना जिथे लोक अडकतात ते सांगतो. डेबियनवर पोस्टफिक्सचा पत्रं घेणारा एसएमटीपी भाग क्रूटमध्ये, म्हणजे /वार/स्पूल/पोस्टफिक्सच्या चौकटीत कोंडलेला असतो. बाहेरची फाइल त्याला दिसत नाही. कॉन्फिगमध्ये टेबलाच्या नावाआधी 'प्रॉक्सी:' लावलं की विचारणा प्रॉक्सीमॅप या पोस्टफिक्सच्याच दुसऱ्या भागामार्फत होते, आणि तो चौकटीबाहेर असतो. एसक्यूलाइटचा वॉल मोड (बदल आधी बाजूच्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) चालू करू नका. त्यात वाचणाऱ्यालाही बाजूच्या शेअर्ड मेमरी फाइलवर लिहायची परवानगी लागू शकते, आणि महिन्यातून दोनदा नवं खातं जोडणाऱ्याला त्याचा फायदा काहीच नाही. मुळातला जर्नल मोड लाईट जाण्याला पुरेसं तोंड देतो. चालू फाइल नुसती कॉपी करू नका, एसक्यूलाइटची स्वतःची .बॅकअप आज्ञा वापरा.

आणि पत्ते सगळे लहान अक्षरांत भरा. पोस्टफिक्स शोधण्याआधी पत्ता लहान अक्षरांत बदलतो. मायएसक्यूएल सहसा लहान-मोठं सारखंच मानतो, एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस मानत नाहीत. जुन्या मायएसक्यूएलमधून खाती आणलीत आणि त्यात कुणी नाव कॅपिटलने सुरू केलं असेल, तर तो माणूस अचानक 'नाही' होतो. पुन्हा तेच ५५०.

मायएसक्यूएल, त्याचाच भाऊबंद मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस वाईट नाहीत. संस्थेच्या वेबसाइटवरून सभासद स्वतःच पासवर्ड बदलणार असतील, किंवा दोन मशीनना एकच यादी लागणार असेल, तर तिकडे जाच. मायएसक्यूएलमध्ये टेबलं इनोडीबी प्रकारची हवीत. जुन्या ट्युटोरियलमधली मायआयएसएएम प्रकारची टेबलं लाईट गेल्यावर 'क्रॅश्ड' म्हणून पडून राहतात. इथेही प्रॉक्सी लावाच. पोस्टफिक्सची प्रक्रियांची मर्यादा मुळात १००, पोस्टग्रेसची कनेक्शनची मर्यादाही १००, आणि प्रॉक्सीशिवाय प्रत्येक प्रक्रिया प्रत्येक टेबलासाठी वेगळं कनेक्शन उघडते. स्पॅमची एक लाट आली की संपलं. पोस्टफिक्ससाठी डेटाबेसमध्ये फक्त वाचणारा वेगळा युजर करा.

एलडॅप तेव्हाच, जेव्हा त्याच खात्याने ऑफिसातले संगणक, वायफाय, फाइल सर्व्हर सगळं उघडायचं असेल. ७० मेलपेट्यांसाठी नको.

डव्हकॉटमध्ये ऑथ कॅशला (झालेली लॉगिन काही वेळ लक्षात ठेवणारी सोय) थोडी मेमरी द्या, २.३ मध्ये ती मुळात शून्य असते. तिचा एक गुण फार कमी लोकांना माहीत आहे: नोंदीची मुदत संपली तरी, डेटाबेसच बिघडलेला असेल तर डव्हकॉट ती जुनी नोंद वापरतो. एकदा लॉगिन झालेल्यांचं काम चालू राहतं. पासवर्ड बीएलएफ-क्रिप्ट किंवा आर्गॉन२आयडी या हॅश पद्धतीने साठवा, साधे लिहून ठेवू नका.

नवीन सर्व्हर उभा करताना किंवा बॅकअप चढवताना सगळ्यात आधी पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट_बाउन्स = यस लिहा. ५५० जायच्या जागी ४५० जातं, म्हणजे टेबल कोरं असलं तरी पत्र परत न जाता थांबतं. मग पोस्टमॅप -क्यू या टेबलात शोधणाऱ्या आज्ञेने तीन-चार खरे पत्ते आणि एक खोटा विचारून बघा. खरे सापडले, खोटा नाही सापडला, की सॉफ्ट_बाउन्स काढा. काढायला विसरू नका, नाहीतर खोट्या पत्त्यांचा स्पॅम रोज पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहील.

पाऊस सुरू व्हायच्या आत, मे संपायच्या आधी, दुसऱ्या मशीनवर बॅकअप चढवून हे सगळं एकदा करून बघा. पोस्टकॉन्फ -एन चं (तुमची सेटिंग दाखवणाऱ्या आज्ञेचं) आउटपुट इथे टाकलंत, पासवर्ड आणि आयपी झाकून, तर प्रॉक्सीच्या ओळी बरोबर आहेत का ते मी बघून सांगतो.