शब्द सुरांखालून का सरकतात? लिलीपाँडची प्रश्नोत्तरे

लिलीपाँड हा स्टाफ नोटेशन छापण्याचा मोफत प्रोग्राम. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवनहाउझन या दोघा डच प्रोग्रामरांनी १९९६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. यात माऊसने सूर उचलून पंचरेषांवर ठेवायचे नसतात. साध्या मजकुराच्या फाइलीत ते लिहायचे, प्रोग्राम त्यांची पीडीएफ करून देतो. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न मांडणीचे आहेत. उत्तरांतल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. फाइलीत त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या, आकडेसुद्धा इंग्रजीच (1, 2, 3). स्पेलिंग लिलीपाँडच्या ‘नोटेशन रेफरन्स’ या पुस्तिकेत सापडेल. उत्तरं २.२४ या आवृत्तीला धरून आहेत.

चर्चच्या गायनवृंदासाठी मराठी भक्तिगीतं लिलीपाँडमध्ये बसवते आहे. कडव्याच्या मध्यापासून शब्द पुढच्या सुरांखाली सरकत जातात. काही जोडाक्षरं मोडतात. शिवाय माझ्या लॅपटॉपवर नीट दिसणारी फाइल दुसऱ्याच्या कंप्युटरवर चालवली की शब्दांच्या जागी चौकोन येतात. – वसई

तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी सरकणारे शब्द. तुमच्या फाइलीत ‘देवा’मधला ‘दे’ तीन सुरांवर गायचा आहे. त्या सुरांवर तुम्ही स्लर (सूर जोडणारी कमान) घातला आहे आणि शब्दांमध्ये ‘दे ऽ ऽ वा’ असंही लिहिलं आहे. स्लर दिसला की लिलीपाँड त्याखालचे सगळे सूर एकाच अक्षराचे धरतं. त्यामुळे तिन्ही सूर ‘दे’ने घेतले, पहिला अवग्रह (ऽ) चौथ्या सुराखाली गेला आणि ‘वा’ दोन सूर पुढे ढकलला गेला. तिथून पुढचं सगळं कडवं बिघडलं.

मात्रा लांबवायला अवग्रह लिहिण्याची सवय आपल्याला भातखंडे स्वरलिपी पद्धतीतून लागलेली असते. ती चुकीची नाही, फक्त स्लर आणि अवग्रह एका ठिकाणी नकोत. स्लर ठेवणार असाल तर अवग्रह काढून शब्द ‘दे -- वा’ असा लिहा. दोन हायफनांच्या दोन्ही बाजूंना स्पेस हवीच, नाहीतर सगळं मिळून एकच अक्षर समजलं जातं. शब्दाचं शेवटचं अक्षर लांबत असेल तर हायफनऐवजी दोन अंडरस्कोर द्या, म्हणजे अक्षरापुढे आडवी रेघ येते. वृंदाला अवग्रहच वाचायची सवय असेल तर ते राहू द्या आणि शब्दांच्या सुरुवातीलाच ‘इग्नोअर-मेलिस्माटा’ चालू करा. मग स्लर असला तरी प्रत्येक सुराला एक अक्षर मिळतं. माझं मत विचाराल तर स्टाफ वाचणाऱ्या वृंदासाठी पहिला मार्ग घ्या. सूर किती लांब आहे हे वर दिसतच असतं.

आता जोडाक्षरं. लिलीपाँड प्रत्येक अक्षरगट स्वतंत्र मजकूर म्हणून छापतं, दोन गटांमध्ये अक्षरं जोडत नाही. तुम्ही ‘भक् -- ती’ असं तोडलं आहे, म्हणून ‘क’चा पाय मोडलेला तसाच उरला. ‘भ -- क्ती’ असं तोडा, ‘चं -- द्र’, ‘आ -- त्मा’ असं. जोडाक्षर कायम पुढच्या गटात अखंड न्यायचं. गातानाचा ‘क्’ ‘भ’ला चिकटलेला असतो हे खरं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना अखंड ‘क्ती’च ओळखीची असते.

चौकोन येतात ते फाँटमुळे. लिलीपाँडच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे ते त्या कंप्युटरवर असेल तो पर्यायी फाँट उचलतं. एकही नसेल तर चौकोन. हे नशिबावर सोडू नका. लेआउट ब्लॉकमधल्या लिरिक्स कॉन्टेक्स्टमध्ये ‘लिरिक-टेक्स्ट’च्या ‘फाँट-नेम’ला ‘नोटो सेरिफ देवनागरी’ किंवा ‘मुक्ता’ असं फाँटचं नाव नेमून द्या आणि तोच फाँट दुसऱ्या कंप्युटरवरही टाकून घ्या. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवलात तर मात्र रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

आणखी एक. अक्षरं दाटीवाटीने आली की मधला हायफन गायब होतो. ‘लिरिक-हायफन’चं ‘मिनिमम-डिस्टन्स’ १.० करा, तो परत येईल.

व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांसाठी भैरवचा आलाप लिहिला. ताल नाही म्हणून ‘कॅडेन्झा-ऑन’ वापरलं, तर सगळा आलाप एकाच ओळीत पानाच्या उजव्या कडेबाहेर गेला. – पुणे

लिलीपाँड ओळ तोडतं ती फक्त बारच्या रेघेवर. ‘कॅडेन्झा-ऑन’ केल्यावर बार पडतच नाहीत, म्हणून ओळ तुटायला जागा उरत नाही. जिथे श्वास घ्यायचा, जिथे न्यास (वाक्याचा विसावा) आहे, तिथे ‘बार’ या आज्ञेपुढे रिकामं अवतरणचिन्ह द्या. रेघ दिसत नाही, पण ओळ तिथे तुटू शकते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी असा अदृश्य बार ठेवलात तर पान वाचणाऱ्यालाही आलापाची वाक्यं कळतात, कारण ओळी अर्थाच्या जागी तुटतात.

आलाप लिहिताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. या अवस्थेत आठव्या-सोळाव्या (१/८, १/१६ लांबीच्या) सुरांचे बीम, म्हणजे दांड्या जोडणाऱ्या जाड रेघा, आपोआप जोडले जात नाहीत, ते चौकोनी कंसांनी स्वतः जोडायचे. आणि अदृश्य बारने नवा बार सुरू होत नाही, त्यामुळे एकदा दिलेला कोमल पुढे लागू राहतो आणि पुन्हा छापला जात नाही. चार ओळींनंतर विद्यार्थी रिषभ शुद्ध वाजवणार. सुरापुढे उद्गारचिन्ह टाकलंत की कोमलचं चिन्ह पुन्हा छापलं जातं. त्याहून बरा उपाय म्हणजे ‘स्टाफ डॉट की-ऑल्टरेशन्स’मध्ये भैरवचे कोमल रे आणि कोमल ध आरंभीच नेमणं. सा म्हणजे सी धरला तर डी आणि ए हे दोन फ्लॅट. मग ते प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दिसतात आणि आत चिन्हांची गर्दी होत नाही.

जी मेजर की दिली तरी प्रत्येक एफवर नॅचरलचं चिन्ह का येतं? – नागपूर

लिलीपाँडमध्ये सूर आहे तसा लिहावा लागतो. ‘की’ (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची खूण) फक्त काय छापायचं ते ठरवते, सूर बदलत नाही. एफ शार्प हवा असेल तर दर वेळी ‘फिस’ लिहा. ही डच नावं आहेत. इंग्रजी नावं सोयीची वाटत असतील तर फाइलीच्या सुरुवातीला लँग्वेज इंग्लिश नेमा.

रूपकातली बंदिश ७/८ मध्ये लिहिली, पण पानावर ३-२-२ विभाग दिसत नाहीत. – कोल्हापूर

‘टाइम’ या आज्ञेनंतर आधी विभाग द्या, मग ताल: ‘टाइम ३,२,२ ७/८’. आठव्या सुरांचे बीम तसेच बांधले जातील. झपतालासाठी ‘२,३,२,३ १०/८’. पानावरही ३+२+२ छापून हवं असेल तर ‘कंपाउंड-मीटर’ वापरा. रूपकात समेवरच ‘खाली’ (टाळी नसलेली मात्रा) येते, तेव्हा पहिल्या सुरावर मार्कअपने (सुरावर मजकूर छापणाऱ्या आज्ञेने) शून्य जरूर लिहा, स्टाफवरून बंदिश शिकणाऱ्याला ते कळायलाच हवं.

मांडोची दोन आवाजांची आणि व्हायोलिनची प्रत केली. सूचना आणि क्रेशेंडो (आवाज वाढवण्याच्या खुणा) एकमेकांवर येत होते म्हणून ‘एक्स्ट्रा-ऑफसेट’ने एकेक सरकवून घेतले. आता कागदाचा आकार बदलला आणि सगळंच विस्कटलं. – मडगाव

मांडणीच्या तक्रारींपैकी निम्म्या मला याच आज्ञेमुळे आलेल्या दिसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

‘एक्स्ट्रा-ऑफसेट’ सगळी मांडणी झाल्यावर चिन्ह उचलून दुसरीकडे छापतं. चिन्ह हललं हे बाकीच्या कोणालाच कळत नाही, त्याच्यासाठी कोणी जागाही करत नाही. आकार बदलला की सूर नव्या जागी जातात, तुमचं अंतर मात्र जुनंच राहतं. त्याऐवजी चिन्ह का अडतंय ते लिलीपाँडला सांगा. जवळ चिकटत असेल तर ‘पॅडिंग’ वाढवा. पियानो (हळू), फोर्टे (मोठ्याने), क्रेशेंडो या खुणा वर-खाली होत असतील तर ‘डायनॅमिक-लाइन-स्पॅनर’चं ‘स्टाफ-पॅडिंग’ ३ करा, सगळे बहुतांशी एका रेषेत येतात. दोन सूचनांमध्ये वर कोण आणि खाली कोण, ते ‘आउटसाइड-स्टाफ-प्रायॉरिटी’ ठरवते. आकडा लहान तितकं चिन्ह स्टाफच्या जवळ.

तुमच्या प्रतीत ‘हळूहळू लय वाढवत’ ही लांब सूचना एका छोट्या सुरावर आहे आणि दोनच सुरांनंतर दुसरी सूचना येते. लिलीपाँड दुसरी पहिलीच्या वर चढवतं, म्हणून ओळींमधलं अंतर तिथे विनाकारण वाढलं आहे. त्याच्याआधी ‘टेक्स्ट-लेंग्थ-ऑन’ आणि नंतर ‘टेक्स्ट-लेंग्थ-ऑफ’ द्या. सूर थोडे पसरतील आणि दोन्ही सूचना शेजारी शेजारी बसतील.

तुमच्या जागी मी आधी फाइलीतले सगळे ‘एक्स्ट्रा-ऑफसेट’ काढून टाकीन. मग कागद आणि स्टाफचा आकार पक्का करीन, मग ओळी, मग पानं. त्यानंतर जे एखाददुसरं चिन्ह खरोखर अडेल त्यालाच हात लावीन. काढून टाकल्यावर पान आधीपेक्षा बरं दिसतं असं पुष्कळदा होतं, कारण निम्म्या जागी मुळात अडचणच नसते.

शेवटच्या पानावर एकच ओळ उरते. – नाशिक

पहिल्या ओळीचा ‘इंडेंट’ मुळात १५ मिलिमीटर असतो. वाद्याचं नाव लिहायचं नसेल तर तो शून्य करा, तेवढ्यानेही कधी कधी भागतं. नाही भागलं तर पेपर ब्लॉकमध्ये ‘पेज-काउंट’ नेमा. ओळी फारच दाटल्या तर फाइलीच्या अगदी वर ‘सेट-ग्लोबल-स्टाफ-साइझ’ २० वरून १८ वर आणा. ‘सिस्टम-सिस्टम-स्पेसिंग’ला हात लावण्याची वेळ आलीच तर आधी ‘ॲनोटेट-स्पेसिंग’ चालू करून पाहा. कोणतं अंतर कशामुळे आलं ते पानावरच छापून येतं, अंदाज करत बसावं लागत नाही. छापायला देण्याआधी ते बंद करायला विसरू नका.

दिवाळी अंकातल्या लेखात दोन बारांचं उदाहरण द्यायचं आहे, पण चित्र अख्ख्या पानाचं येतं. – न्यू जर्सी

फाइल चालवताना ‘डी-क्रॉप’ हा पर्याय द्या. सुरांभोवतीचा कोरा कागद कापलेली वेगळी फाइल मिळते. हेडर ब्लॉकमध्ये ‘टॅगलाइन’ला फॉल्स द्या, म्हणजे तळाशी लिलीपाँडची ओळ येणार नाही. छापील अंकाला चित्र देण्यापेक्षा पीडीएफच द्या, ती कितीही मोठी केली तरी रेषा फाटत नाहीत. संपादकांना पीएनजीच हवी असेल तर ‘डी-रेझोल्यूशन’ निदान ३०० ठेवा.