मुलं गेली आणि घरातलं घड्याळही गेलं

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातलं थोडक्यात सांगते. तुम्ही ४९ वर्षांच्या आहात. मोठा मुलगा नोकरीसाठी गेला आणि चार महिन्यांपूर्वी धाकटीही हॉस्टेलला गेली. आता मोकळा वेळ मिळेल असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. गॅस चालू राहतो, बिलाच्या तारखा उलटून जातात, भरतकामाचे चार तुकडे अर्धवट पडले आहेत. मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी धरून ठेवणं अवघड जाण्याच्या विकाराचं, निदान केलंय. आणि नवरा विचारतो, "वीस वर्षं मुलांचं सगळं बिनचूक केलंस, मग हे आत्ताच कुठून आलं?"

हा प्रश्न तुम्हाला लागला आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. एडीएचडी असलेल्या माणसाकडे लक्ष नसतं असं नाही. ते हवं तेव्हा हवं तिथे वळवता येत नाही. काम आवडीचं असलं, वेळ अगदी गळ्याशी आली किंवा कुणी आपली वाट पाहत उभं असलं, की ते येतं. मुलांनी तुम्हाला हे सगळं रोज पुरवलं. शाळेची बस थांबत नव्हती, प्रोजेक्ट उद्याच द्यायचा असायचा, कुणाला तरी भूक लागलेली असायची. घराला बाहेरून चावी दिली जात होती. आता ती देणारं कुणी नाही. आणि ते "बिनचूक" कसं व्हायचं, हेही तुम्हीच लिहिलंय: तीन गजर, रात्री दोनपर्यंत जागरण, सतत धाप लागलेली. ती किंमत घरात कुणाला दिसली नाही.

निदान चुकलं असेल का, असंही विचारलंत. मोठ्या माणसांतही एडीएचडी ठरवताना डॉक्टर लहानपणात डोकावतात. २०१३ पासूनच्या अमेरिकी निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. त्याआधी ही मर्यादा ७ वर्षांची होती. तुमच्या प्रगतिपुस्तकात "हुशार आहे, पण लक्ष नसतं" हा शेरा दर वर्षी होता, असं तुम्ही लिहिता. एडीएचडी हे नाव आलं १९८७ साली, तेव्हा तुम्ही दहा-अकरा वर्षांच्या असाल. वर्गात धुडगूस घालणारी मुलं तरी शिक्षकांच्या नजरेत यायची. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेल्या मुलीला मात्र एकच शब्द मिळायचा: वेंधळी. तो तुम्ही चाळीस वर्षं अंगावर वागवलात. निदान ऐकून घरी आल्यावर रडू का आलं ते कळत नाही, असं तुम्ही म्हणता. मला ते कळतं. मुलं गेल्याचं दुःख आहेच, पण विनाकारण बोलणी खाल्लेल्या त्या मुलीसाठीही तुम्ही रडताय. ते घाईघाईने आवरू नका.

तुमच्या वयाचाही यात हात असू शकतो. पाळी जाण्याच्या आसपास इस्ट्रोजेन हे संप्रेरक वर-खाली होतं आणि लक्ष देण्याशी निगडित असलेल्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या कामाशी त्याचा संबंध आहे. त्यामुळे या काळात जुनी लक्षणं बऱ्याच जणींना जास्त जाणवतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे निदान सांगा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि झोप हेही तपासून घ्या, कारण विसराळूपणा तिथूनही येतो.

गोळ्यांची सवय लागेल ही भीती मनात ठेवू नका, डॉक्टरांना सरळ विचारा. एडीएचडीवरच्या औषधांपैकी मिथिलफेनिडेट उत्तेजक गटातलं आहे, अ‍ॅटोमॉक्सेटिन त्या गटातलं नाही. दोन्हींत रक्तदाबावर लक्ष ठेवतात, म्हणून हृदयाचा काही त्रास असेल तर आधीच सांगा.

रोजच्या दिवसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आणखी एक डायरी आणू नका. डायरी उघडायचीही आठवण लागते. बिलं बँकेतून आपोआप जाऊ द्या. गॅस पेटवलात की टायमर लावा आणि तो खिशात घेऊनच स्वयंपाकघराबाहेर पडा. सगळ्यात जास्त उपयोग होईल तो सोबतीचा. एखाद्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावा, ती तिचं काम करेल, तुम्ही तुमचं. बोलायचं नाही. कुणीतरी समोर आहे एवढ्यावर हात चालू राहतो. एडीएचडी असलेले पुष्कळ लोक हाच मार्ग वापरतात.

पण ती सोबत धाकटीकडून घेऊ नका. तुम्ही तिला दिवसातून चार-पाच फोन करता. त्यात माया आहेच, पण तिच्या दिवसाच्या आधारानं तुमचा दिवस उभा करायची धडपडही आहे, आणि तिला ते पेलणार नाही. तिलाच एक वेळ ठरवू द्या. तिचीही अशीच गत असते, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. एडीएचडी बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. फोनवर तिचं निदान करू नका, फक्त तुमचं निदान तिला सांगा. पुढचं ती विचारेल.

नवऱ्याला पटवत बसू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत न्या आणि तुमच्याबद्दल नवऱ्याला काय दिसतं ते तिथे त्यालाच सांगू द्या. डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होईल.

आणि भरतकामाच्या चार तुकड्यांपैकी एकच बाहेर काढा. बाकीचे तीन कपाटात ठेवा, नको असतील तर देऊन टाका. उद्या दुपारी चारला मैत्रिणीला फोन लावून पंचवीस मिनिटं टाके घाला. धाकटीला रात्री, तिनं सांगितलेल्या वेळी.

तुमची,
ताई