दीड ते चार वीस

अगं, तुझी स्क्रिप्ट एका बैठकीत वाचून काढली, कोर्टाचे सीन मस्त जमलेत, पण खरं सांगू का, नानावटी केस, म्हणजे नौदलाच्या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या तो खटला, तू पिक्चर बघून लिहिलीयेस, निकालपत्र वाचून नाही, आणि चाळीस वर्षं काळा कोट घातलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

तुझ्याकडे बायको कबुली देते, कट, की धाड धाड धाड. अख्खी केस त्या कटमधेच आहे बघ. २७ एप्रिल १९५९. कमांडर नानावटींनी बायको सिल्व्हियाकडून तिच्या आणि प्रेम आहुजाच्या संबंधांचं सगळं ऐकलं, मग तिला आणि पोरांना मेट्रो थिएटरला पिक्चरला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आहुजाच्या ऑफिसात गेले, तो तिथे नाही म्हटल्यावर त्याच्या फ्लॅटवर. घरातून निघाले दीडला, गोळ्या झाडल्या चार वीसला. सुप्रीम कोर्टाने १९६१ मधे हेच धरलं, डोकं थंड व्हायला तीन तास होते की, रागाच्या भरात केलं कसं म्हणता? आणि तो टॉवेल! झटापटीत गोळ्या सुटल्या असा बचाव होता, पण अंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी. हे तू घेतलंच नाहीस, कमाल आहे.

याच केसवरच्या 'रुस्तम' पिक्चरमधे ज्युरी हीरोला सोडते, वर संरक्षण सौद्याचा घोटाळाही जोडलाय. ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं हे खरंच, पण सेशन्स जजना ते पटलं नाही, केस हायकोर्टात गेली, तिथे जन्मठेप, सुप्रीम कोर्टातही तीच कायम. सुटले ते १९६४ ला, राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली म्हणून.

बदल करू नको असं नाही म्हणत मी, नावं बदल, गाणं घाल, प्रोड्यूसर घालायला लावणारच आहे. पण काय बदलतोय ते आपल्याला तरी माहीत पाहिजे ना. आहुजाला तू पार खलनायक केलायस, तो बिचारा उत्तर द्यायला नाही. त्याची बहीण मेमी मात्र होती, कोर्टात साक्ष दिली तिने, आणि माफीच्या वेळी तिची लेखी संमती घेतली होती. त्या कागदावर सही करतानाची ती, हा सीन कुणी लिहायचा? तुझ्याकडे तर तिला एक वाक्य नाही.

निकाल एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) १९६२ सुप्रीम कोर्ट, पान ६०५, नेटवर फुकट आहे, प्रिंट काढ. दिवाळीनंतर पुण्यात आहे मी, ये घरी, टॉवेलचा सीन लिहूनच ये.