ओझोनला भोक पडतं, छिद्र पडतं की ओझोन विरतो?

गुहागरकडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. १६ सप्टेंबरच्या ओझोन दिनासाठी मुलांनी फलकावर लिहिलं, 'ओझोनला भोक पडल्यामुळे ऊन वाढले'. एका सहकाऱ्याने 'भोक' खोडून 'छिद्र' केलं. दोहोंत बरोबर कोणतं, आणि 'ओझोनचा थर' लिहायचं की 'ओझोनाचा', असं बाईंनी विचारलं आहे.

भोक आणि छिद्र यांत अर्थाचा फरक जवळजवळ नाही. एक घरात वापरायचा, दुसरा पुस्तकात. 'भोक' लिहिल्याने फलकाला काही कमीपणा येत नाही. अडचण दोन्ही शब्दांची सारखीच आहे. भोक म्हटलं की त्याला कडा असते आणि कडेच्या आत काहीच उरलेलं नसतं. ओझोनचं तसं झालेलं नाही.

मुळात 'थर' हा शब्दही जरा सैल हातानेच घ्यायला हवा. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात, ओझोन पसरलेला आहे. पण तिथेही हवेच्या दहा लाख रेणूंत ओझोनचे जेमतेम आठ-दहा. डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून नेहमीच्या दाबाखाली दाबला, तर त्याची जाडी सुमारे ३ मिलिमीटर भरेल. हे मोजायचं एकक डॉब्सन. ३ मिलिमीटर म्हणजे ३०० डॉब्सन, आणि २२० च्या खाली आकडा गेला की शास्त्रज्ञ त्या भागाला 'भोक' म्हणतात. म्हणजे ज्याला भोक म्हणायचं, तिथेही ओझोन उरलेला असतोच.

या गोष्टीसाठी मराठीत एक नेमकं क्रियापद पडून आहे: विरणे. वापरून वापरून पंचा विरतो. तो फाटलेला नसतो, भोकही नसतं, पण उजेडात धरला की आरपार दिसतं. ओझोनचं अगदी हेच झालं आहे. शिवाय धुकं विरतं, ढग विरतात, आवाजही विरतो. हवेतल्या गोष्टींना हे क्रियापद आधीपासून सरावाचं आहे. विशेषण हवं तर 'विरळ' आहे, आणि त्याच्या उलट 'दाट'. 'ऱ्हास' हा पाठ्यपुस्तकी शब्द चुकीचा नाही, पण त्यातून काय कमी झालं आणि कसं, ते दिसत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. 'विरणे' अकर्मक आहे. नुसतं 'ओझोन विरला' म्हटलं तर तो आपोआप विरल्यासारखं वाटतं, आणि इथे कर्ता सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होऊ नये. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं की तेव्हा फ्रीजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन खाली विघटित होत नाहीत, हळूहळू वर पोचतात, आणि तिथल्या अतिनील किरणांनी (उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण) त्यांच्यातला क्लोरीन सुटा होतो. हा क्लोरीन ओझोनचा रेणू मोडतो, पण स्वतः शिल्लक राहतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो. असे हजारो रेणू एकच अणू मोडू शकतो. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावरची मोजमापं प्रसिद्ध केली आणि तिथला ओझोन वसंतात किती घटतो ते दिसलं, तेव्हा सगळ्या जगाला धक्का बसला. तिथेच का? हिवाळ्यात तिथल्या स्थितांबराचं तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्याही खाली जातं, विशिष्ट ढग बनतात, त्यांच्या कणांवर क्लोरीन मोकळा होण्याची तयारी होते आणि वसंतात ऊन परतलं की मोडतोड सुरू होते. तो वसंत म्हणजे आपला सप्टेंबर-ऑक्टोबर.

आता मुलांच्या वाक्याचा उत्तरार्ध: 'ऊन वाढले'. शब्दाची निवड राहू द्या, माझ्या मते खरी दुरुस्ती इथे हवी. मराठीत ऊन तापतं, लागतं, बाधतं. उष्णता आणि किरण दोन्ही आपण 'उना'तच धरतो. ओझोन अतिनील किरण वरच अडवतो, म्हणून तो विरल्याने जमिनीवर वाढतात ते हे किरण. ते ऊब म्हणून जाणवत नाहीत. त्यांच्यामुळे त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू, पिकांना इजा, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना इजा. मार्च-एप्रिलमधला वर्षागणिक वाढत चाललेला उकाडा हा मुख्यतः कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचा परिणाम. क्लोरोफ्लुरोकार्बन दोन्हीकडे हातभार लावतात, म्हणून गोंधळ समजण्यासारखा आहे, पण कारण एक नाही.

आणि कोकणाच्या माथ्यावर? उष्ण कटिबंधात ओझोन निसर्गतःच कमी असतो आणि सूर्य डोक्यावर. त्यामुळे दिवसभर होडीवर असणाऱ्यांना किंवा वाळूवर मासळी वाळत घालणाऱ्या बायकांना अतिनील किरण पूर्वीपासूनच भरपूर मिळत आले आहेत. डोळ्यांची आणि कातडीची काळजी त्यांनी घ्यायलाच हवी, पण त्याचं खापर अंटार्क्टिकावरच्या भोकावर फोडता येत नाही. आपल्याकडचा ओझोन फारसा घटलेला नाही.

किनाऱ्यावर आणखी एक प्रयोग कानावर पडतो: 'समुद्राची ओझोनयुक्त हवा'. हा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय समजुतीचा अवशेष आहे. ओहोटीला येणारा समुद्राचा वास मुख्यतः शेवाळं आणि सूक्ष्म वनस्पतींपासून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूचा असतो. ओझोनलाही वास आहे, त्याचं नावच ग्रीकमधल्या 'वास येणे' या धातूवरून श्योनबाइन यांनी ठेवलं. पण जमिनीलगतचा ओझोन फुफ्फुसांना घातक. तो श्वासात घ्यायचा वायू नव्हे.

तसंच 'गॅस' या शब्दाचं. बंदरावरच्या बर्फ कारखान्यातला गॅस बहुधा अमोनिया असतो. गळला तर जवळच्या माणसांना धोका, पण त्यात क्लोरीन नाही, ओझोनला तो काही करत नाही. जुन्या फ्रीजमधला गॅस क्लोरोफ्लुरोकार्बन होता. ओझोन विरवणारे असे वायू बंद करण्याच्या १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारात भारत १९९२ साली सामील झाला आणि २००८ मध्ये त्याचं उत्पादन इथे थांबलं. असाच करार पाळला गेला तर अंटार्क्टिकावरचा ओझोन सुमारे २०६६ पर्यंत १९८० च्या पातळीला येईल, असा २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा अंदाज आहे. त्यासाठी 'भोक बुजतंय' न लिहिता 'थर पुन्हा दाट होतोय' लिहावं.

फलकासाठी माझं वाक्य असं: 'आपण सोडलेल्या वायूंतील क्लोरीनमुळे अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंतात विरतो.' 'ओझोन भोक' हे नाव म्हणून रूढ आहे, ते अवतरणात खुशाल ठेवा.

राहिला 'ओझोनचा' की 'ओझोनाचा'. दोन्ही चालतात. 'ऑक्सिजनचा' म्हणायची सवय असलेल्या मुलांना 'ओझोनचा' सोपं जाईल. एका फलकावर एकच रूप ठेवा म्हणजे झालं.